बाबूराव पेंटर

कोल्हापूर ही कलावंतांची नगरी. याच नगरीत ३ जून १८९० रोजी मेस्त्री घराण्यात बाबूरावांचा जन्म झाला. वडील कृष्णराव हे कुशल कारागीर. त्यामुळे हस्तकौशल्याचे धडे बाबूरावांना घरीच मिळाले. पुढे नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासह ते नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्यांनी रंगविलेली अरण्ये व राजवाडे पाहून प्रेक्षक थक्क होत. यावरूनच त्यांना ‘पेंटर’ हे नाव पडले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित झाला. या नव्या कलेने दोघा बंधूंना वेड लावले. चित्रपट काढावयाचा, तर कॅमेरा हवा. तो स्वतःच तयार करण्याचे त्यांनी ठरविले. काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दुःख गिळले आणि दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. १९२० मधील ‘सैरंध्री’ने तिचे नाव सर्वत्र झाले.

त्या काळी पडद्यावर मुख्यतः देवदेवतांच्या व राजेमहाराजांच्या कथा दिसत. बाबूरावांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. त्याचा नायक होता एक साधा शेतकरी. सावकाराच्या कपटाने त्याची जमीन जाते आणि पोटासाठी त्याला शहरातील गिरणीची वाट धरावी लागते. ही भूमिका तरुण शांताराम यांनी केली. कोल्हापूरच्या उसाच्या मळ्यांपासून वऱ्हाडातील वाशीमच्या कापसाच्या शेतांपर्यंत शेतकऱ्याला हे दुःख परिचयाचे होते. तथापि चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांना ते पडद्यावर रुचले नाही. चित्रपटास म्हणावे तसे यश लाभले नाही.

बाबूराव खचले नाहीत. बोलपटांचे युग आल्यावर, १९३६ मध्ये, त्यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. दरम्यान, १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आदी शिष्यांनी वेगळे होऊन ‘प्रभात’ कंपनी स्थापन केली होती. उत्तरायुष्यात बाबूराव चित्रकला व शिल्पकला यांत रमले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे देहावसान झाले.

काळ पुढे गेला, तशी जाणकारांची दृष्टीही पालटली. ज्या चित्रपटाकडे लोकांनी पाठ फिरविली होती, त्यालाच ते भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ मानू लागले. त्यातील अर्थ आता उमगू लागला. परंतु १९२५ चा तो मूकपट आज पाहावयास मिळत नाही. तो केवळ वर्णनांतून उरला आहे. त्या काळी चित्रफिती जपून ठेवण्याची कोणास फारशी फिकीर नव्हती. त्या फिती सहज पेट घेत आणि कालांतराने कुजतही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, ते १९६४ साली. तोवर फार उशीर झाला होता.

आज दुर्लक्षिलेली कृती उद्याच्या पिढीला मोलाची वाटू शकते. मात्र त्यासाठी ती उद्यापर्यंत टिकली पाहिजे. बाबूरावांच्या या हरवलेल्या चित्रपटाची कथा हेच सांगते.