फेलिक्स झाल्टेन : ‘बांबी’चा कर्ता आणि त्याच्या कादंबरीचे माध्यमांतर

१९४२ च्या ऑगस्टमध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेचा ‘बांबी’ हा चलचित्रपट न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा मूळ कादंबरीचा लेखक फेलिक्स झाल्टेन बहात्तर वर्षांचा होता आणि झुरिचमध्ये निर्वासिताचे जीवन कंठीत होता. पत्रकारिता करायची नाही या अटीवर त्या देशाने त्याला आश्रय दिला होता. ज्या माणसाने पन्नास वर्षे वृत्तपत्रांच्या बळावर संसार चालविला, त्याच्यावर अशी अट लादली जावी हे दुर्दैवच. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव होते. परंतु चित्रपटाच्या हक्कांपोटी त्याच्या हाती आलेली रक्कम एक हजार डॉलरची होती आणि तीही नऊ वर्षांपूर्वीची. पुढे बांबी हे नाव जगभर घरोघरी पोचले, त्याच्या कर्त्याचे नाव मात्र मागे पडले. हे कसे घडले, आणि कादंबरीचा चित्रपट होताना तिच्यातील नेमके काय मागे राहिले, हे दोन प्रश्न झाल्टेनच्या चरित्रापासून वेगळे करता येत नाहीत.

त्याचे मूळ नाव झिगमुंड झाल्झमान. जन्म ६ सप्टेंबर १८६९ रोजी पेस्ट येथे, एका ज्यू कुटुंबात झाला. आजोबा सनातनी परंपरेतील रब्बी होते. वडिलांनी ती वाट सोडली होती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात १८६७ मध्ये ज्यूंना पूर्ण नागरिकत्व मिळाले आणि अनेक कुटुंबांप्रमाणे हेही कुटुंब व्हिएन्नात आले. झिगमुंड तेव्हा काही आठवड्यांचा होता. पुढे वडिलांचे दिवाळे निघाले, मुलाचे शिक्षण अर्धवट राहिले आणि सोळाव्या वर्षी त्याला विमा कंपनीत नोकरी धरावी लागली. झाल्टेन हे नाव त्याने लेखनासाठी घेतले. विद्यापीठाचे तोंड न पाहिलेला हा तरुण ग्रीनश्टाइडल कॅफेतील ज्या मंडळात वावरू लागला, त्यात श्निट्झलर, होफमान्स्थाल, बेअर-होफमान, हेरमान बार यांच्यासारखे लेखक होते. त्यांतील बहुतेकांना घरची सुबत्ता होती. झाल्टेनला मात्र लेखणीवरच पोट भरायचे होते. त्याचे बहुप्रसव लेखन, त्यातील असमानता आणि प्रतिष्ठेची त्याची ओढ यांचा उलगडा या एका फरकातून बराचसा होतो.

कार्ल क्राउस हा या मंडळाचा कठोर टीकाकार. त्याने उपहासलेखातून झाल्टेनच्या खाजगी जीवनाला हात घातला, तेव्हा १८९६ मध्ये झाल्टेनने त्याला थप्पड मारली. दोघांचे वैर आयुष्यभर टिकले. नाट्यसमीक्षा, व्यक्तिचित्रे, राजघराण्याविषयीचे लेख, नाटके, कथा, एक अल्पजीवी कॅबरे रंगमंच असा झाल्टेनचा व्याप होता. १९०२ मध्ये ओटिली मेट्झल या अभिनेत्रीशी त्याचा विवाह झाला. १९०६ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या एका कामुक कादंबरीचे कर्तृत्वही त्याच्याकडे दिले जाते. त्याने ते कधी मान्य केले नाही. थेओडोर हर्त्झलच्या ज्यू राष्ट्रवादी चळवळीविषयी त्याला आस्था होती आणि १९२४ मध्ये पॅलेस्टाइनचा प्रवास करून त्याने त्यावर पुस्तकही लिहिले.

या सर्व पसाऱ्यात एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते : झाल्टेन शिकारी होता. व्हिएन्नाजवळच्या रानात तो नियमाने जात असे. हरणांच्या वाटा, त्यांची भीती, ऋतूंप्रमाणे बदलणारा त्यांचा दिनक्रम ही सारी माहिती त्याने टेहळणीतून आणि नेमातून मिळविली होती. म्हणूनच ‘बांबी’ला प्राणिदयेचे पुस्तक म्हणताना सावध राहावे लागते.

कादंबरी प्रथम १९२२ मध्ये ‘नॉये फ्राये प्रेस्से’ या व्हिएन्नाच्या दैनिकात क्रमशः आली. १९२३ हे साल छापलेली पुस्तकरूप आवृत्ती बर्लिनच्या उलश्टाइन या प्रकाशनाने काढली. तिला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १९२६ मध्ये व्हिएन्नाच्या पॉल झोल्नाय यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून तिचे भाग्य पालटले. १९२८ मध्ये व्हिटकर चेंबर्स याने केलेला इंग्रजी अनुवाद गॉल्सवर्दीच्या प्रास्ताविकासह अमेरिकेत निघाला व गाजला. (पुढे हाच चेंबर्स एका हेरगिरी प्रकरणातील साक्षीदार म्हणून प्रसिद्धीस आला.) अनुवाद वाचनीय आहे, पण मूळ जर्मनमधील तात्त्विक कणखरपणा त्यात सौम्य झाला, असा आक्षेप अलीकडच्या अभ्यासकांनी घेतला आहे. २०२२ मध्ये जॅक झाइप्स यांनी नवा अनुवाद केला त्यामागे हीच भूमिका होती. चित्रपट अमेरिकेत घडला, आणि तिथल्या वाचकांच्या मनातली ‘बांबी’ मुख्यतः चेंबर्सच्या अनुवादातून आलेली होती. तेव्हा रूपांतराची पहिली पायरी पटकथेची नव्हे, अनुवादाची होती असे म्हणावे लागते.

मूळ कथानकात बांबी हा युरोपातील लहान चणीच्या रो जातीच्या हरणाचा पाडस आहे. आई त्याला रान शिकविते. कोठे थांबावे, मोकळ्या कुरणात केव्हा पाऊल टाकावे, वारा काय सांगतो, हे ते शिक्षण आहे. त्याच्या मागे सतत ‘तो’ आहे. माणसाला या कादंबरीत नाव नाही, केवळ सर्वनाम आहे. त्याला हात दोन की तीन, तो दुरून आग कशी फेकतो, यावर प्राण्यांमध्ये वाद होतो. पंचतंत्रातील प्राणी माणसांची नीती बोलतात. येथे प्राणी माणसाकडे एखाद्या अगम्य दैवताकडे पाहावे तसे पाहतात. एका हाक्यात बांबीची आई जाते. ती कशी मेली हे लेखक दाखवीत नाही; बांबीला ती पुन्हा कधी दिसली नाही, एवढीच नोंद करून प्रकरण संपते.

त्याच हाक्यात बांबीचा मावसभाऊ गोबो, जन्मतः दुबळा, बर्फात कोसळतो. पुढे तो गळ्यात पट्टा बांधून परत येतो. माणसाने त्याला पाळले, खाऊ-पिऊ घातले, आणि आता आपल्याला ‘त्या’चे भय नाही अशी त्याची समजूत झाली आहे. दिवसाढवळ्या तो कुरणात उभा राहतो आणि गोळीला बळी पडतो. कादंबरीचा आशय सर्वांत दाट झाला आहे तो या उपकथानकात. शेवटाकडे वृद्ध राजहरीण बांबीला एका चोरट्या शिकाऱ्याचे प्रेत दाखवितो. त्या माणसाला दुसऱ्या माणसाने मारले आहे. ‘तो’ही मर्त्य आहे, त्याच्यावरही कुणीतरी आहे, हे बांबी तेथे समजतो. कादंबरीच्या अखेरीस बांबी एकटा आहे. आईसाठी रडणाऱ्या दोन पाडसांना तो त्याच कठोर शब्दांत फटकारतो, ज्या शब्दांत वृद्धाने एकदा त्याला फटकारले होते.

डेव्हिड हॅंड यांच्या देखरेखीखाली घडलेला सुमारे सत्तर मिनिटांचा चित्रपट या संहितेपासून कोठे दूर जातो, याविषयी सामान्य समजूत थोडी चुकीची आहे. आईच्या मृत्यूचे दृश्य डिस्नेंनी भडक केले असे पुष्कळदा म्हटले जाते. प्रत्यक्षात चित्रपटानेही मरण पडद्याबाहेर ठेवले आहे. गोळीचा आवाज, पडणारे बर्फ आणि आईला हाका मारणारे पाडस एवढेच प्रेक्षकासमोर येते. संयमाच्या बाबतीत येथे चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक आहे. फरक आहे तो नंतरच्या क्षणात. चित्रपटात पिता येऊन आईविषयी सांगतो. कादंबरीत कोणीच काही सांगत नाही.

खरे अंतर पडते ते रानाच्या कल्पनेत. झाल्टेनच्या रानात माणूस नसतानाही रक्त सांडते. बांबीच्या बालपणीच उंदराची शिकार होते. कडक हिवाळ्यात कावळे सशाच्या पिलाला छळून मारतात, कोल्हा देखण्या फेझंट पक्ष्याला फाडतो. उपासमारीने सर्वांचे सौजन्य गळून पडते. चित्रपटाच्या रानात हे जवळजवळ काहीच नाही. तेथे घुबड ससे व उंदरांचे वडीलधारे आहे, आणि थंपर हा ससा व फ्लॉवर हा स्कंक ही कादंबरीत नसलेली पात्रे बाललीलांसाठी आणली आहेत. गोबो वगळला आहे. मेलेला शिकारी वगळला आहे. अखेरचा वणवा मात्र माणसाने पेटविलेल्या शेकोटीतून लागतो, आणि तो कादंबरीत नाही. यामुळे रान ही मूलतः निष्पाप जागा ठरते आणि दुष्टावा बाहेरून, माणसाबरोबर, आत येतो. १९४२ मध्ये अमेरिकेतील शिकाऱ्यांनी चित्रपटाचा निषेध केला तो याच कारणाने. मूळ लेखक स्वतः बंदूक घेऊन रानात जाणारा होता, हा विरोधाभास त्या वादात कोणी ध्यानात घेतल्याचे दिसत नाही. चित्रपटातील ‘माणूस’ हा अपराधी आहे. कादंबरीतील ‘तो’ हा एक प्रश्न आहे. शेवटही त्यानुसार बदलतो. चित्रपटात फेलीनला जुळी पाडसे होतात आणि बांबी कड्यावर पित्याचा वारस म्हणून उभा राहतो. एकटेपणाच्या कठोर दीक्षेची जागा कुटुंबाच्या सातत्याने घेतली आहे.

तरीही चित्रपटाला केवळ सौम्यीकरण म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. चित्रकारांनी जिवंत पाडसे समोर ठेवून रेखाटने केली. चिनी-अमेरिकन चित्रकार टायरस वॉंग याने सोंग काळातील निसर्गचित्रांच्या प्रेरणेने धूसर, तपशील गाळलेली पार्श्वभूमी निर्माण केली आणि साऱ्या चित्रपटाचा पोत त्यातून ठरला. संवाद अत्यल्प आहेत. कादंबरीत शरद ऋतूच्या अखेरीस फांदीवर उरलेली दोन पाने गळण्याविषयी बोलतात, ते प्रकरण तिच्या काव्यात्मतेचे शिखर आहे. चित्रपटात पाने बोलत नाहीत. ती केवळ गळतात. वॉंगच्या धुक्यात त्या प्रकरणाचा काही अंश तरी उतरला आहे.

हक्कांच्या विक्रीची हकिगत अशी : हॉलिवुडचा दिग्दर्शक सिडनी फ्रॅंकलिन याने १९३३ मध्ये एक हजार डॉलरला चित्रपटाचे हक्क घेतले. खरी हरणे घेऊन असा चित्रपट करणे अवघड आहे हे ध्यानी आल्यावर ते हक्क त्याने डिस्नेंकडे सोपविले; चित्रपट त्यालाच अर्पण केला आहे. झाल्टेनच्या दृष्टीने १९३३ हे वर्ष वेगळ्याच कारणाने मोलाचे होते. तो ऑस्ट्रियाच्या पेन संघटनेचा अध्यक्ष होता. रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्निक, येथील अधिवेशनात नाझी जर्मनीचा निषेध करण्याचा प्रसंग आला, तेव्हा तो डळमळीत राहिला. जर्मनभाषक पुस्तकबाजाराचे भय त्यामागे असावे. ही भूमिका कोणालाच पटली नाही आणि त्याच वर्षी त्याने अध्यक्षपद सोडले. तडजोडीचा लाभही झाला नाही. तीसच्या दशकाच्या मध्यावर नाझी राजवटीने त्याच्या पुस्तकांवर बंदी घातली. १९३७ मध्ये मुलगा पॉल वारला, १९३८ च्या मार्चमध्ये ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला, आणि १९३९ मध्ये झाल्टेन पत्नीसह, मुलगी राहत होती त्या झुरिचला गेला.

या घटनांच्या उजेडात ‘बांबी’ला ज्यूंच्या छळाचे रूपक म्हणून वाचण्याचा प्रघात पडला आहे. गोबोच्या गळ्यातील पट्टा पाहता हे वाचन निराधार म्हणता येत नाही. विशेष म्हणजे १९२९ मध्ये ‘पंधरा ससे’ ही झाल्टेनची कादंबरी आली, तेव्हा त्याचे ससे ज्यू ढंगाने बोलतात अशी टवाळी क्राउसने केलीच होती. मात्र १९२२ च्या लेखकाला १९३८ ठाऊक नव्हते, आणि पट्टा घातलेल्या गोबोची कीव करणारा हाच लेखक प्रतिष्ठितांच्या दारी स्वागत व्हावे म्हणून धडपडत होता. रूपकापेक्षा येथे आत्मपरीक्षण अधिक आहे, असे मानणे सयुक्तिक वाटते. गोबोला गाळताना चित्रपटाने नेमके हेच गाळले.

ओटिली १९४२ मध्ये वारली. ८ ऑक्टोबर १९४५ रोजी झुरिचमध्ये झाल्टेनचे निधन झाले आणि तेथील ज्यू दफनभूमीत त्याला मूठमाती देण्यात आली. त्याच्या कथांवरून डिस्ने संस्थेने ‘पेरी’ (१९५७) आणि ‘द शॅगी डॉग’ (१९५९) हे आणखी दोन चित्रपट काढले. १९५४ मध्ये मुलगी ॲना हिने ‘बांबी’च्या अमेरिकेतील स्वामित्वहक्काचे नूतनीकरण केले होते. ते मुदतीत झाले की नाही, हे पहिली आवृत्ती १९२३ ची धरायची की १९२६ ची यावर अवलंबून होते. हा वाद न्यायालयात गेला आणि १९९६ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डिस्ने संस्थेच्या विरोधात १९२६ हे साल ग्राह्य धरले. युरोपातील बहुतेक देशांत हे पुस्तक २०१६ च्या आरंभी स्वामित्वमुक्त झाले, अमेरिकेत १ जानेवारी २०२२ रोजी.