चार चाके, एक नळी

लॉकहीड हे नाव आज जगाला विमानांमुळे माहीत आहे. पण या नावाचे आजचे स्पेलिंग आधी मोटारीच्या ब्रेकवर आले आणि नंतर विमानावर. ते ब्रेकवर आणणारे माल्कम लॉकहीड मूळचे मेकॅनिक. जुन्या गाडीच्या ब्रेकची नळी बदलताना आजही जी काळजी घ्यावी लागते, तिचे कारण त्यांच्या रचनेतच दडलेले आहे.

माल्कम यांचा जन्म १८८६चा. आई फ्लोरा पत्रकार आणि लेखिका होत्या. मुले कॅलिफोर्नियात वाढली. १९०४ मध्ये माल्कम सॅन फ्रान्सिस्कोत वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक म्हणून लागले. पुढे धाकटा भाऊ ॲलन याच्यासोबत त्यांनी पाण्यावर उतरणारे विमान बांधले. १९१३ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावरून उडाले. १९१६ मध्ये दोघा भावांनी सांता बार्बारात विमानांची कंपनी काढली.

माल्कम यांचे मन मात्र मोटारीच्या ब्रेकमध्ये अडकले होते. त्या काळी बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असत आणि ते लोखंडी दांड्यांनी किंवा तारांनी ओढले जात. तारा ताणल्या जात, सांधे झिजत. एका चाकाला ब्रेक जास्त लागला आणि दुसऱ्याला कमी, की गाडी एका बाजूला ओढली जाई. पुढची चाके तर वळतात. तिथवर दांड्या नेणे आणखी अवघड.

माल्कम यांनी दांडीच्या जागी द्रव आणला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा सतराव्या शतकातला नियम. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरचा दट्ट्या नळ्यांमधल्या द्रवावर दाब देतो आणि तोच दाब चारही चाकांपर्यंत जातो. चाकाकडच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ मास्टरच्या दुप्पट असेल, तर जोरही दुप्पट मिळतो. वळणाऱ्या चाकाजवळ शेवटचा तुकडा लवचीक नळीचा ठेवला की काम भागते.

१९१९ मध्ये भावाची कंपनी सोडून ते डेट्रॉइटला गेले. कुटुंबाच्या आडनावाची अक्षरे पाहून लोक ते ‘लॉगहेड’ असे वाचत. म्हणून ब्रेकच्या धंद्यासाठी त्यांनी उच्चाराप्रमाणे ‘लॉकहीड’ असे सोपे स्पेलिंग घेतले. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्गच्या ‘मॉडेल ए’ गाडीला चारही चाकांना द्रवाचे ब्रेक लागले. अडचण होती ती गळतीची. सुरुवातीला दट्ट्यांवर कच्च्या चामड्याच्या वाट्या होत्या आणि त्या द्रव धरून ठेवत नसत. क्रायसलरच्या अभियंत्यांनी त्याऐवजी रबरी वाट्या वापरल्या आणि १९२४ची क्रायसलर मोटार हे ब्रेक घेऊन बाजारात आली. फोर्डने मात्र १९३९च्या मॉडेलपर्यंत वाट पाहिली. तोवर माल्कम यांनी १९३२ मध्ये आपली कंपनी बेंडिक्सला विकलेली होती. १९५८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या रचनेचे बळ हाच तिचा कच्चा दुवाही होता. सगळीकडे सारखा दाब, म्हणजे एका ठिकाणी गळती झाली की सगळीकडचा दाब जाणार. एकच मंडल असलेल्या गाडीत एक नळी फुटली तर चारही ब्रेक एकदम जातात आणि पेडल थेट तळाला टेकते. यावरचा उपाय म्हणजे दोन स्वतंत्र मंडले. एक गेले तरी दुसरे गाडी थांबवते. अमेरिकेत १९६८पासून नव्या मोटारींना ही सोय सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्या आजही हौसेने जपल्या जातात आणि त्यांचा सगळा भरवसा त्या एका मंडलावर असतो.

म्हणून अशा गाडीची गंजलेली नळी घासून, रंगवून चालत नाही. ती बदलावीच लागते. तयार नळी मिळत नसेल तर जुनी न मोडता काढायची आणि तिच्या बाकांबरहुकूम नवी वाकवायची. नुसत्या तांब्याची नळी हाताने सहज वाकते, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकू शकते. ब्रेकसाठी बनवलेली पोलादी नळी किंवा सुमारे १० टक्के निकेल मिसळलेली तांब्याची नळी घ्यावी. ही दुसरी गंजतही नाही. नळीचे तोंड मूळ सांध्याला जुळेल असेच फुलवावे लागते. नटांचे आटे इंचाचे की मिलिमीटरचे, हेही पाहावे लागते, कारण चुकीचा नट दोन फेरे बसतो आणि दाब आला की गळतो. पाण्याच्या नळाचे जोड इथे कधीही वापरू नयेत.

नळ्या आतूनही गंजतात, कारण नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रकारचे ऑइल कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने ते उकळले, तर वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. मग पेडल पोकळ लागते. त्यामुळे नळीबरोबर ऑइलही नवे भरावे, चारही चाकांकडून हवा पूर्ण काढावी आणि गाडी उभी असतानाच कुणाला तरी पेडल जोरात दाबून धरायला सांगून प्रत्येक सांधा कोरडा आहे ना, हे बोट फिरवून पाहावे.