राजर्षी शाहू छत्रपती : वसतिगृह ज्ञातीचे, शाळा सर्वांची

आमच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर पुरुषाच्या चरित्राचे स्मरण करण्याची प्रथा आहे. यंदा कोल्हापूरचे छत्रपती राजर्षी शाहू महाराज यांचे पुण्यस्मरण करण्याचे आम्ही योजिले आहे. त्यास कारणही तसेच घडले. आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थी वसतिगृहास सरकारी अनुदान मिळविण्याचा विषय गेल्या वर्षी कार्यकारी मंडळापुढे आला असता दोन पक्ष पडले. ज्ञातीने पै पै जमवून उभारलेल्या संस्थेत सरकारचा हात नको, असे एका पक्षाचे म्हणणे. आपण कर भरतो, मग त्यातील वाटा आपल्या मुलांना का नको, असे दुसऱ्याचे. वाद सौजन्याने झाला, पण मिटला नाही. जनतेच्या पैशाने एका ज्ञातीची, एका पंथाची अथवा एका धर्माची शिक्षणसंस्था पोसावी काय, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका राजाने प्रत्यक्ष कृतीने हाताळला होता. ती हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. पाळण्यातील नाव यशवंतराव. पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे, माता राधाबाई. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले. राजकोटच्या राजकुमार विद्यालयात व नंतर धारवाड येथे फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. अठ्ठावीस वर्षे राज्य करून ६ मे १९२२ रोजी मुंबई येथे त्यांचे देहावसान झाले. अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे आयुष्य. परंतु त्या अवधीत त्यांनी जे केले ते पाहिले म्हणजे मन थक्क होते.

महाराजांपुढील अडचण समजण्यासाठी त्या काळची शिक्षणव्यवस्था थोडी ध्यानी घ्यावयास हवी. इंग्रज सरकारने १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले होते. शाळा मिशनची असो वा एतद्देशीय मंडळींची, ती ऐहिक विद्या नीट शिकविते की नाही एवढेच पाहावे आणि धर्माच्या बाबतीत सरकारने तटस्थ राहावे, असा तो दंडक होता. दंडक दिसावयास समन्यायी होता. पण शाळा काढण्याचे सामर्थ्य ज्यांच्या अंगी आधीच होते, त्यांच्याच पदरी अनुदान पडत गेले. शेतकऱ्याच्या सारापट्टीतून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या विद्येवर खर्च होतो, हे गाऱ्हाणे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. पुढे महाराजांनी जे केले, त्याचे बीज आम्हांस या गाऱ्हाण्यात दिसते.

महाराजांनी प्रारंभी सरळ मार्ग धरिला. १८९६ साली त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच सरकारी वसतिगृह काढले. दार सर्वांस खुले होते. पण अल्पावधीतच ते जवळजवळ एकाच जातीच्या मुलांनी भरून गेले. कोणी नियम करून इतरांस अडविले होते असे नव्हे. ज्यांच्या घरात विद्येची परंपरा होती, त्यांची मुले पुढे आली. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाटी हाती धरली नव्हती, त्यांच्या मुलांस त्या दारापर्यंत येण्याचेच धैर्य नव्हते. शिवाय जेवणाच्या पंगतीचे सोवळे-ओवळे होतेच. उघडे दार आणि आत येण्याची खरी सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा महाराज त्यातून शिकले.

म्हणून १९०१ साली त्यांनी वाट बदलली. त्या वर्षी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले व त्याच साली दिगंबर जैन बोर्डिंगही उभे राहिले. पुढे मुसलमान, वीरशैव लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत, कायस्थ प्रभू, वैश्य, देशी ख्रिस्ती अशा एकामागून एक समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्यास त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नरांच्या कन्येचे नाव देण्यात आले. आजही दसरा चौकात उभे राहिले असता जैन, लिंगायत व मुसलमान या तिन्ही समाजांची वसतिगृहे एकमेकांच्या शेजारी दिसतात. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हणतात, ते उगाच नव्हे.

या संस्थांची घडणच आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. महाराजांनी त्या नुसत्या सरकारी खात्यासारख्या चालविल्या नाहीत. प्रत्येक समाजातील कर्त्या माणसांस बोलावून, त्यांची मंडळी स्थापून, वर्गणी जमविण्यास प्रवृत्त करून, मग दरबाराने जागा द्यावी, इमारतीस साहाय्य करावे, वार्षिक नेमणूक बांधून द्यावी व कायम उत्पन्नासाठी जमीन लावून द्यावी, असा त्यांचा क्रम असे. १९०६ साली मुसलमान समाजाची शिक्षणसंस्था स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः स्वीकारले. देवस्थानांच्या आणि दर्ग्यांच्या उत्पन्नातील पैसाही त्यांनी विद्येकडे वळविला. देवाच्या नावे जमा होणारे द्रव्य लेकरांच्या विद्येस लागावे, याहून पवित्र विनियोग त्यांस दिसत नव्हता.

यावर त्या काळी टीका झाली व आजही होते. राजाने जातवार वसतिगृहे काढून जातिभेदास खतपाणी घातले, सरकारी तिजोरीतून भिंती बांधल्या, असा आक्षेप आहे. तो सर्वस्वी पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्ञातीच्या नावाने वाढलेला मुलगा ज्ञातीपुरतेच पाहू लागण्याचा धोका असतो. आपणा ज्ञातिसंस्थांच्या कार्यकर्त्यांनी तरी तो नाकारू नये.

परंतु आक्षेपकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. महाराजांनी राहण्या-जेवण्याची सोय ज्ञातवार केली. विद्या मात्र एकत्रच ठेवली. निरनिराळ्या वसतिगृहांतून निघालेली मुले राजाराम हायस्कुलात येऊन एकाच बाकावर बसत. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे ठरविले, आणि १९१८ च्या मार्चमध्ये चिखली येथून त्यास आरंभ झाला. मुलांस शाळेत न धाडणाऱ्या पालकांस दरमहा एक रुपया दंड ठेविला होता. ही सक्तीची शाळा कोण्या ज्ञातीची नव्हती. ती रयतेची होती. पुढे १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बंद करून त्यांच्या मुलांस इतरांच्या बरोबरीने सरकारी शाळांत घ्यावे, असा हुकूम त्यांनी काढला. ज्या राजाने अस्पृश्यांसाठी वेगळे वसतिगृह उघडले, त्यानेच त्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या. वरवर विसंगत वाटणाऱ्या या दोन कृतींत एकच सूत्र आहे. वेगळेपणाचा आधार दुर्बळास पुढे येण्यासाठी द्यावा. पण तो आधार दुरावा टिकविण्याचे साधन होऊ लागला की काढून घ्यावा.

महाराजांची प्रत्येक कृती अनुकरणीय होती असा आमचा दावा नाही. १९१९ साली त्यांनी राजाराम हायस्कूल व राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या प्रतिनिधी सभेच्या हाती सोपविले. आर्य समाज जन्मजात उच्चनीचता मानीत नाही, वेदांचा अधिकार सर्वांस देतो, म्हणून वेदोक्त प्रकरणात पोळलेल्या महाराजांस त्याचा ओढा होता, हे आम्ही समजू शकतो. डॉ. बाळकृष्ण यांच्यासारखा विद्वान प्राचार्य कॉलेजास लाभला, हेही खरे. तथापि सर्व रयतेच्या पैशाने वाढलेली संस्था एका धर्मपंथाच्या हाती देणे आणि एखाद्या समाजाने स्वकष्टाने उभारलेल्या संस्थेस साहाय्य करणे, यांत फार अंतर आहे. दुसऱ्या गोष्टीत राजा सर्वांस देतो. पहिलीत सर्वांचे एकास देतो.

या चरित्राचा एक धागा कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यापर्यंत जातो. भाऊराव विद्यार्थिदशेत कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारले व त्यापायी त्यांस ते वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्ञातीच्या छपराचा लाभ आणि ज्ञातीच्या भिंतीचा जाच, दोन्हींचा अनुभव त्यांनी एकाच ठिकाणी घेतला. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले, जेथे मुले एकाच पंगतीत जेवीत. त्या वसतिगृहास त्यांनी नाव दिले ते शाहू छत्रपतींचेच. ज्ञातवार वसतिगृहे काढणाऱ्या राजाचे नाव ज्ञातिभेद मोडणाऱ्या वसतिगृहास मिळावे, हा योगायोग नव्हे. भाऊरावांनी महाराजांच्या कार्याचे पुढचे पाऊल टाकले. १८९६ साली जे साधले नाही, ते अठ्ठावीस वर्षांनी साधले. कारण मधल्या काळात तळच्या मुलांस दारापर्यंत येण्याचे बळ आले होते.

अनुदानाची दुसरी बाजूही याच संस्थेने पाहिली. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान काही काळ रोखले होते. लोकांनी साथ दिली म्हणून संस्था तगली. देणारा हात आवळूही शकतो, ही आमच्या काही सभासदांची भीती निराधार नाही. महाराजांनी ज्ञातींच्या वर्गणीचा आग्रह का धरिला, हे यावरून उमगते. सरकारी साहाय्य काठीसारखे असावे. पाय स्वतःचेच असावेत.

२६ जानेवारी १९५० पासून आपल्या देशात जे संविधान लागू आहे, त्याने या प्रश्नाचा निवाडा बव्हंशी केलेला आहे. संपूर्णपणे सरकारी पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थेत कोणाही विद्यार्थ्यावर, अथवा तो अज्ञान असेल तर त्याच्या पालकांच्या संमतीवाचून, धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. अशा संस्थेत केवळ धर्म, वंश, जात अथवा भाषा या कारणाने कोणत्याही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही. आणि साहाय्य देताना, संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून सरकारने दुजाभाव करावयाचा नाही. म्हणजे जनतेचा पैसा खाजगी वा धार्मिक संस्थेस मिळू शकतो. पण पैसा ज्या वाटेने आत येतो, त्या वाटेने जनतेची लेकरेही आत आली पाहिजेत.

आमचे मत विचाराल तर ते असे आहे. ज्ञातीने आपल्या वर्गणीने जे चालवावयाचे ते खुशाल चालवावे. परंतु ज्या दिवशी आपण सरकारपुढे हात पसरू, त्या दिवशी आपल्या वसतिगृहाच्या दारावरील ज्ञातीची अट आपणच आपल्या हाताने उतरवावी. ज्या गवंड्याच्या, शेतमजुराच्या वा भाजीवालीच्या करातून तो पैसा आला, तिच्या मुलास आपल्या पंगतीत पान मांडले जाणार नसेल, तर त्या पैशास आपण स्पर्श करू नये. एके काळी आपल्या मुलांसही कोणाच्या तरी दाराबाहेर उभे राहावे लागले होते आणि एका राजाने त्यांच्यासाठी दार उघडले, याचा विसर पडला नाही तर हा निर्णय कठीण जाणार नाही. कार्यकारी मंडळापुढे हा विषय पुन्हा येईल तेव्हा ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी महाराजांचे चरित्र डोळ्यांपुढे ठेवून आपले मत द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.