मर्जीची सरदारकी

शनीच्या माथीं खापर फोडण्याची आपल्या लोकांस फार दिवसांची संवय आहे. शनिशिंगणापुरास तेल वाहून परतणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्यापाशीं पेशवाईच्या अखेरीचा विषय काढावा, तर तेव्हां राज्यास साडेसाती लागली होती, असें सांगून तो मोकळा होतो. आम्हांस ही उपपत्ति मान्य नाहीं. त्या साडेसातीचा माग काढण्यास पंचांग नको. त्याच नगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांतील निमगांव जाळीच्या त्र्यंबकजी डेंगळ्याचें चरित्र पुरे आहे.

त्र्यंबकजी मूळचा जासूद. दुसऱ्या बाजीरावाच्या पडत्या काळांत निरोप जलद पोंचवून त्यानें धन्याची मर्जी संपादिली, आणि तिच्याच शिडीनें तो वर चढला. गडी धाडसी व कामाचा होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. जासूद म्हणून त्यास नाक मुरडणारे आमच्या मतें चुकले. शिंदे-होळकरांचे मूळपुरुष तरी कोणत्या मोठ्या घरांत जन्मले होते? परंतु पहिल्या बाजीरावानें त्यांस वाढविलें तें स्वाऱ्यांत पारखून. त्याच्या नातवानें मामलती चढत्या बोलीनें मक्त्यास दिल्या, रास्त्यांची जहागीर जप्त केली, पटवर्धनांशीं वैर धरलें, आणि १८१४ सालीं अहमदाबादेचा सुभा गायकवाडांकडून काढून त्र्यंबकजीच्या हवालीं केला. येथें कसोटी मर्जीखेरीज दुसरी नव्हती.

हा रोग एकट्या पुण्याचा नव्हे. १८४६ सालीं मेक्सिकोशीं युद्ध जुंपलें तेव्हां अमेरिकेचे अध्यक्ष पोक यांनीं, १८४४ च्या उमेदवारींत आपल्यासाठीं खटपट केलेले स्नेही गिडियन पिलो यांस एकदम सेनानायक केलें. या गृहस्थांनीं तटबंदीचा खंदक शत्रूच्या बाजूस न खणतां आपल्याच बाजूस खणविला! तेथें हंशावर निभावलें, कारण हाताखालीं लष्करी शाळेंत तयार झालेले अधिकारी होते.

पुण्यास निभावलें नाहीं. गायकवाडांचा हिशेब मिटविण्यास इंग्रजांच्या हमीवर आलेले गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्यें पंढरपुरास खून झाला. संशय त्र्यंबकजीवर आला. बाजीरावानें त्यास पाठीशीं घातलें, आणि अखेर सप्टेंबरांत इंग्रजांच्या स्वाधीन केलें. वर्षानें तो ठाण्याच्या किल्ल्यांतून निसटला व महादेवाच्या डोंगरांकडे लोक जमवूं लागला. (त्या डोंगरांतील शिंगणापूर शंभुमहादेवाचें, शनीचें नव्हे.) त्या एका माणसापायीं १३ जून १८१७ रोजीं पेशव्यांस पुण्याचा तह पत्करावा लागला. नगरचा किल्ला गेला, मराठमंडळाचें पुढारपण गेलें. हिशेबाचा तंटा चोख वह्या ठेवून मिटला असता, हें आमच्या पेढीवाल्या वाचकांस सांगणें नको.

मग तहान लागल्यावर विहीर खणावी तसा फौजेचा सर्व अधिकार बापू गोखल्यांस मिळाला. २० फेब्रुवारी १८१८ रोजीं आष्टीस ते लढतां लढतां पडले. धनी घोड्यावर बसून निघून गेला होता. त्र्यंबकजी त्याच वर्षीं पकडला गेला व चुनारच्या किल्ल्यांत कैदेंतच १८२९ सालीं वारला. बाजीराव मात्र सालिना आठ लक्षांच्या नेमणुकीवर १८५१ पर्यंत बिठूरास राहिला.