एकतारीपासून नोबेलपर्यंत

दर वर्षी २८ फेब्रुवारीला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. १९२८ साली याच दिवशी कोलकात्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा तो परिणाम आढळला, जो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. १९३० मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि रामन हे नाव प्रकाशाशी कायमचे जोडले गेले. मात्र त्यापूर्वीची अनेक वर्षे ते प्रामुख्याने नादाच्या मागे होते, याचा उल्लेख विज्ञान दिनाच्या भाषणांत क्वचितच होतो. एकतारी, व्हायोलिन, वीणा, तंबोरा आणि मृदंग ही त्या काळातील त्यांची प्रयोगसाधने होती.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत आणि व्हायोलिन वाजवत. घरात पुस्तके होती, तसाच सूरही होता. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असतानाच रामन यांनी हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनेवरील आणि लॉर्ड रॅले यांचा ध्वनिशास्त्रावरील ग्रंथ वाचून काढला. १९०७ मध्ये ते एम. ए. झाले. तथापि, त्या काळी हिंदुस्थानात संशोधन हा पोट भरण्याचा मार्ग नव्हता. त्यांनी वित्तसेवेची स्पर्धा परीक्षा दिली, पहिला क्रमांक मिळवला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षाच्या आतच सहायक महालेखापाल म्हणून कोलकात्यात दाखल झाले. सोबत नवपरिणीत पत्नी लोकसुंदरी होत्या. त्या वीणा वाजवत.

ट्रामने जाताना बोबाजार रस्त्यावरील एक पाटी त्यांच्या नजरेस पडली. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकवर्गणीतून उभारलेल्या विज्ञान संवर्धन संस्थेची ती पाटी होती. संस्थेत प्रयोगशाळा होती, संशोधक मात्र नव्हते. रामन यांना तिथे काम करण्याची मुभा मिळाली. मग पहाटे प्रयोगशाळा, दिवसभर सरकारी हिशेब आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत पुन्हा प्रयोगशाळा, असा क्रम सुरू झाला. मदतीला संस्थेतील आशुतोष डे हे एकच गृहस्थ होते. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या या सहकाऱ्याचे नाव पुढे रामन यांनी शोधनिबंधांवर आपल्या नावासोबत छापले. हाताखालच्या माणसाला असे श्रेय देणारे त्या काळी किती होते, हा प्रश्नच आहे.

महागडी उपकरणे नव्हती, तेव्हा रामन यांनी तार हाती घेतली. दोन टोकांना ताणून बसवलेली तार छेडली की तिच्यावरून लहर धावते आणि टोकाशी आपटून परत फिरते. जाणारी आणि परतणारी लहर एकमेकींत मिसळल्या की लाट पुढे सरकताना दिसत नाही. तार जागच्या जागी फुगवट्यांत विभागून डोलत राहते. हीच स्थिर लहर. तारेच्या लांबीत लहरीच्या अर्ध्या लांबीचे पूर्ण भाग बसले तरच ती टिकते. त्यामुळे एकाच तारेतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वयंभू स्वरही उमटतात. बासरीत तारेऐवजी हवेचा स्तंभ डोलतो, एवढाच फरक. दोन फुगवट्यांमधील स्तब्ध बिंदूंना निस्पंद म्हणतात.

हे बिंदू खरोखर स्तब्ध असतात का? तार एका टोकाने सतत कंपित ठेवली जात असेल, तर दुसऱ्या टोकापर्यंत ऊर्जा याच बिंदूंमधून जायला हवी. बिंदू पूर्ण निश्चल असेल तर ती पलीकडे पोहोचणार कशी? तेव्हा तिथे अल्पशी का होईना, हालचाल असलीच पाहिजे, हे रामन यांनी दाखवून दिले आणि १९०९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकाने त्यांचे हे टिपण छापले. एकतारीवरील त्यांचा लेखही त्याच वर्षीचा. त्यानंतर सरकारी बदल्यांनी त्यांना आधी रंगूनला आणि १९१० मध्ये नागपूरला नेले. आपल्या नागपुरातील हिशेब कचेरीत बसलेला हा तरुण अधिकारी घरी भौतिकशास्त्राचे प्रयोग करी. १९११ मध्ये ते कोलकात्याला परतले.

खरी कसोटी पुढे होती. कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी त्यांना विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद देऊ केले. पगार जवळपास निम्म्यावर येणार होता. शिवाय या पदासाठी परदेशी प्रशिक्षणाची अट होती. पगाराचे रामन यांनी मान्य केले. शिकण्यासाठी परदेशी जाण्यास मात्र साफ नकार दिला. अखेर अटच बाजूला ठेवावी लागली आणि १९१७ मध्ये त्यांनी बढतीची वाट सोडून वर्गाची वाट धरली.

लगेच पुढच्या वर्षी व्हायोलिनच्या तारेवरील त्यांचा विस्तृत प्रबंध प्रसिद्ध झाला. गजाखालची तार क्षणभर गजाला चिकटून सरकते आणि मग झटक्याने सुटते, हे हेल्महोल्ट्झ यांनी दाखवले होते. रामन यांनी त्याचे गणित मांडले. पण माणसाचा हात दर वेळी सारखा चालत नाही. म्हणून त्यांनी यंत्र बनवले. त्यात गज स्थिर आणि व्हायोलिनच मागेपुढे सरके! गज घोडीपासून जितका दूर, तितका कमी दाब पुरतो आणि हे प्रमाण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त असते, हे त्यातून मोजता आले.

मराठी वाचकाला अधिक जवळचा वाटावा असा लेख १९२१ चा, तंबोरा आणि वीणा यांवरील. तार ज्या बिंदूवर छेडावी, तिथे ज्या स्वयंभू स्वराचा निस्पंद असेल तो स्वर ऐकू येऊ नये, असा नियम युरोपीय शास्त्रज्ञांनी सांगितला होता. तंबोऱ्यात आणि वीणेत तो लागू पडत नाही, असे रामन यांना आढळले. मिरजेच्या कारागिराला जवारीचे महत्त्व सांगावे लागत नाही. तंबोऱ्याच्या रुंद, किंचित बाकदार घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की तार घोडीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते आणि वरचे स्वर जागे होतात. वीणेची घोडीही अशीच बाकदार असते.

मृदंग आणि तबल्याचेही तसेच. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून साधा ढोल स्वरात बोलत नाही. मधल्या शाईचे वजन हे गणित बदलते आणि पुडी तारेसारखी सुरात बोलू लागते. याविषयीचे पहिले टिपण रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये प्रसिद्ध केले. पुडीवर वाळू पसरून तिच्या निस्पंद रेषा त्यांनी डोळ्यांना दाखवल्या. सविस्तर लेख आला तो नोबेलनंतर, १९३४ मध्ये.

१९२१ च्या इंग्लंड प्रवासातही लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील कुजबुज सज्जाने त्यांना थांबवले आणि तिथे त्यांनी प्रयोग केले. परतीच्या वाटेवर भूमध्य समुद्राच्या निळाईने मात्र त्यांचा मोहरा प्रकाशाकडे वळवला. तरीही १९२७ मध्ये भौतिकशास्त्राच्या प्रख्यात जर्मन कोशातील वाद्यांवरचा विभाग त्यांच्याकडून लिहवून घेण्यात आला.

१९३३ मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेथील त्यांची कारकीर्द वादांची ठरली आणि १९३७ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारणारे रामनच होते. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून प्रवेश द्यावा लागला. इतरांच्या अटी झुगारणाऱ्या माणसाने अशा अटी घालाव्यात, हे खटकल्यावाचून राहत नाही. संचालकपदाच्या याच वर्षांत नागेंद्र नाथ यांच्यासह त्यांनी द्रवातील श्राव्यातीत लहरी प्रकाशाला कशा वळवतात याचा सिद्धांत मांडला. तारेवरची स्थिर लहर इथे द्रवात उभी होती आणि प्रकाश तिच्यातून जात होता.

१९४८ मध्ये त्यांनी स्वतःची संशोधन संस्था उभी केली. १९५४ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. २१ नोव्हेंबर १९७० रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.