कोकणच्या मातीतला सूर जनांच्या ओठी नेणारा संगीतकार

शाळेच्या प्रार्थनेत रोज म्हटल्या जाणाऱ्या गीताचा संगीतकार कोण, असा प्रश्न विद्यार्थ्यांना सहसा पडत नाही. चित्रपटसंगीताच्या इतिहासात वसंत देसाई यांच्या वाट्याला हेच भाग्य आले आणि हीच उपेक्षाही आली. त्यांच्या चाली घराघरांत पोहोचल्या, पण नाव मात्र मागे राहिले. लोकगीताचा कर्ता जसा काळाच्या ओघात दिसेनासा होतो आणि गीत तेवढे उरते, तसेच काहीसे त्यांच्याबाबतीत घडले.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळ परिसरातील सोनवडे येथे झाला. हा भाग तेव्हा सावंतवाडी संस्थानात मोडत असे. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला. गावोगावच्या जत्रांत रात्रभर रंगणारे दशावतारी नाटक, त्यातील पखवाज, पायपेटी आणि झांज, देवळांतील भजने, शिमग्याची गाणी आणि पहाटेचा सनई-चौघडा हे या प्रदेशाचे संगीत. शास्त्र आणि लोक यांच्यात भिंत न मानणाऱ्या या वातावरणाचा ठसा त्यांच्या पुढील कामगिरीवर अखेरपर्यंत राहिला.

कोल्हापुरात १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली आणि सतरा वर्षांचे देसाई तेथे दाखल झाले. मूकपटांचा तो अखेरचा काळ होता. पडेल ते काम करीत त्यांनी ‘खुनी खंजर’ या मूकपटात छोटी भूमिका केली, तर ‘अयोध्येचा राजा’ या १९३२ च्या बोलपटात गायनही केले. गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव आणि केशवराव भोळे यांच्या हाताखाली त्यांची घडण झाली. नाट्यसंगीत, रागदारी आणि भावगीत या तिन्ही परंपरा त्यांना एकाच छताखाली शिकता आल्या.

व्ही. शांताराम यांनी प्रभात सोडून मुंबईत परळ येथे ‘राजकमल कलामंदिर’ उभारले आणि १९४३ च्या ‘शकुंतला’ची संगीताची जबाबदारी देसाई यांच्याकडे आली. त्यापाठोपाठ १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट आला. मात्र त्यांच्यातील लोकसंगीताचा जाणकार खऱ्या अर्थाने प्रकटला तो १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’मध्ये. लावणी, डफ-तुणतुण्याचा ठेका आणि कलगी-तुऱ्याचा सवाल-जबाब यांना त्यांनी चित्रपटाच्या वाद्यवृंदात मानाचे स्थान दिले. फडावरचा अस्सल बाज मात्र हरवू दिला नाही. होनाजी बाळाच्या जीवनावरील ‘अमर भूपाळी’ने १९५१ मध्ये शाहिरी परंपरेतील भूपाळी मराठी माणसाच्या पहाटेशी कायमची जोडली. ‘श्यामची आई’ या १९५३ च्या चित्रपटाचे संगीतही त्यांचेच.

पाश्चात्त्य वाद्यमेळाची मोहिनी हिंदी चित्रपटसृष्टीवर वाढत होती, त्या काळात देसाई यांनी वेगळी वाट सोडली नाही. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’चे शीर्षकगीत त्यांनी उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून गाऊन घेतले. याच चित्रपटात तरुण शिवकुमार शर्मा यांचे संतूर पार्श्वसंगीतात ऐकू आले. काश्मीरच्या खोऱ्यातील हे वाद्य तेव्हा बहुसंख्य रसिकांना अपरिचित होते. १९५९ च्या ‘गूँज उठी शहनाई’साठी त्यांनी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई चित्रपटगृहात आणली. देवळाच्या नगारखान्यात आणि लग्नमंडपात वाजणारे वाद्य या चित्रपटात कथेचा केंद्रबिंदू ठरले.

त्यापूर्वी १९५७ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘दो आँखें बारह हाथ’मधील प्रार्थनेने त्यांच्या प्रतिभेची दुसरी बाजू दाखवून दिली. खुल्या तुरुंगातील कैद्यांसाठी रचलेली ती चाल इतकी सोपी होती की कोणालाही समूहात गाता यावी. ती चित्रपटापुरती राहिली नाही. देशभरातील शाळांनी ती आपलीशी केली. पुढे १९७१ च्या ‘गुड्डी’तील प्रार्थनेच्या बाबतीतही हेच घडले. याच चित्रपटातून वाणी जयराम यांच्यासारखी दाक्षिणात्य गायिका हिंदी रसिकांना लाभली. ‘आशीर्वाद’मध्ये १९६८ साली अशोककुमार यांच्या तोंडी आलेले आगगाडीचे गीत तर जवळजवळ चालीविना, केवळ लयीच्या आधारावर उभे होते. बालगीताचा तो प्रयोग कित्येक पिढ्यांना पाठ झाला.

मराठी रंगभूमीवरही त्यांनी आपला ठसा उमटवला. विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ आणि ‘जय जय गौरीशंकर’ या नाटकांनी संगीत नाटकाला १९६० च्या दशकात पुन्हा प्रेक्षक मिळवून दिला, त्यात देसाई यांच्या चालींचा वाटा मोठा होता. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी ऑक्टोबर १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या विश्वमैत्रीच्या संस्कृत प्रार्थनेची चालही त्यांचीच होती. समूहगान हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. संगीत हे मोजक्या गळ्यांपुरते मर्यादित राहू नये, या भावनेने त्यांनी शाळकरी मुलांना एकत्र आणून एका सुरात गायला शिकवले.

२२ डिसेंबर १९७५ रोजी दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईतील निवासस्थानी परतले. इमारतीच्या लिफ्टमध्ये झालेल्या अपघातात त्यांचा करुण अंत झाला. तेव्हा ते ६३ वर्षांचे होते.

शांताराम यांच्या भव्य चित्रपटांच्या छायेत त्यांचे नाव अनेकदा झाकले गेले, हे खरे. तरीही संगीतकाराचे मोठेपण केवळ नावाच्या प्रसिद्धीवर मोजायचे नसते. सोनवड्याच्या मातीतून आलेल्या या कलावंताने लोकांकडून घेतलेला सूर लोकांनाच परत केला आणि लोकांनी तो आपला म्हणून जपला.