अण्णा कर्वे आणि आमचा आचारी

गेल्या हिवाळी शिबिरात मी स्वयंसेवकांचा प्रमुख होतो. आम्ही फुकट माती उपसायची आणि आचाऱ्याने मात्र मजुरी मोजून घ्यायची, या विचाराने मी एकदा सर्वांदेखत त्याला टोमणा मारला. दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. पुढे सुटीत मी महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र वाचावयास घेतले, ते खरे सांगायचे तर माझ्या बाजूने काही सापडते का हे पाहण्यासाठी.

अण्णांचा जन्म 1858 चा. मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविला गेला! पुढे 1891 मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. 1893 मध्ये त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, 1896 मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 च्या सुमारास तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत नेला. कॉलेजचे काम आटोपले की चिखल तुडवीत ते हिंगण्याला जात. आश्रमाचा पगार नाही. स्वयंसेवक असावा तर असा, असे मी समासात लिहिलेही.

पण पुढे पेन्सिल थांबली. अण्णांची ही सेवा फर्ग्युसनच्या पगारावर उभी होती. तरीही घरची ओढाताण चुकली नाही. ती पत्नी आनंदीबाईंनी, म्हणजे बायांनी, ‘माझे पुराण’ मध्ये सांगितली आहे. चरित्रकार हा भाग जरा घाईनेच उरकतात.

1907 मध्ये महिला विद्यालय निघाले आणि काम वाढले. फावल्या वेळाच्या माणसांवर ते चालेना. दिवसभर राबणारी माणसे हवीत, आणि दिवसभर राबणाऱ्याला पोट असते! म्हणून 1908 मध्ये अण्णांनी निष्काम कर्म मठ काढला. नाव ऐकून उपवासच आठवतात. पण सेवकाने आयुष्य कार्याला द्यायचे आणि त्याच्या निर्वाहाची सोय संस्थेने पाहायची, असा तो व्यवहार होता. यात स्त्रियाही होत्या. बायांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमातच शिकल्या, तेथेच कामाला लागल्या आणि निधीसाठी थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

1914 मध्ये अण्णा कॉलेजातून निवृत्त झाले, 1916 मध्ये महिला विद्यापीठ निघाले आणि 1920 मध्ये त्याला ठाकरसींची 15 लाखांची देणगी मिळाली. 1958 मध्ये भारतरत्न. 1962 मध्ये, एकशेचार वर्षांचे होऊन, ते गेले.

यंदाच्या शिबिराच्या अंदाजपत्रकात आचाऱ्याची मजुरी मी पहिल्या ओळीत लिहिली आणि त्याला बोलवायला त्याच्या घरी गेलो. तो यायला तयार झाला, पण भांडी घासायला रोज चार स्वयंसेवक हवेत, अशी अट घालून. त्या यादीत पहिले नाव माझे आहे.